एक वाक्य लिहा

सोराल, ११ मार्च २०१९

इयाको,

तुला कोर्टाचं एक पाकीट येईल. जाड असेल, आत इटालियन आणि जर्मन शेजारी शेजारी छापलेलं. त्यातल्या कशावरही सही करू नकोस. एवढंच सांगायला लिहितेय. एरवी मी लिहिलं नसतं आणि तूही वाट पाहिली नसतीस. नाताळला तुझं दोन ओळींचं कार्ड, ईस्टरला माझं दोन ओळींचं, असं एकोणीस वर्षं चाललंच आहे की.

आधी घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत. एकोणनव्वदाव्या वर्षी सकाळी पाचला उठून गोठ्यात जातात आणि मी दूध कसं चुकीचं काढते ते मला सांगतात.

झालं असं. नोटरीला दाखला हवा होता, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे असा. कुठून तरी घराच्या कागदाचं निघालं आणि फेब्रुवारीत मी त्यांना खाली दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एक तरुण डॉक्टर होता, थेट दक्षिणेकडचा, समुद्राकाठचा, वागायला गोड. त्याने मला बाहेर बसवलं आणि बाबांची परीक्षा घेतली. तीस मार्कांचा पेपर असतो म्हणे. कोणतं वर्ष, कोणता ऋतू, आपण कोणत्या देशात आहोत, कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. शाळेतल्या पोराला विचारावं तसं.

बाबांना नऊ मिळाले.

नऊ, इयाको. तू तर भूगोलाचा मास्तर, नऊ म्हणजे काय ते तुला कळतं. डॉक्टरने तो कागद पुढे पाठवला, पाठवावाच लागतो म्हणाला, आणि आता कोर्ट ठरवणार की बाबांवर सांभाळकर्ता नेमायचा की नाही. नेमला तर बाबांच्या सहीला किंमत उरणार नाही. घराचे तुकडे होत नाहीत, एकाच्याच नावावर जातं, हे तुला मी सांगायला नको. आणि ते अजून कुणाच्याच नावावर केलेलं नाही. मग कुणीतरी खालचा वकील येऊन ठरवेल की अकरा गाई ठेवायच्या की विकायच्या, वरचं कुरण कापायचं की भाड्याने द्यायचं, आणि बाबांना घरात ठेवायचं की वृद्धाश्रमात. मी तीस वर्षं इथे राबतेय. त्या फायलीत माझं नाव 'सोबत राहणारी मुलगी' असं असेल.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "बाबा, आत काय झालं?"

म्हणाले, "तो पोरगा बिचारा भरकटलाय. मला विचारतो, हे गाव कोणतं, हा मजला कितवा. म्हटलं, बस बाळ, दमला असशील, कुणीतरी न्यायला येईल तुला."

हसू नकोस. मी तेव्हा हसले नाही.

तू फक्त कोर्टाला लिही की तुझी हरकत आहे. मुलगा म्हणून तुला विचारणार आहेत. बाकी काही नको.

ओतिलिया


सोराल, ६ एप्रिल

इयाको,

तुझं कार्ड मिळालं. 'सही केली नाही. कोर्टाला लिहिलं. नऊच कसे?' पोस्टकार्डावर एवढी मोकळी जागा सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नऊच कसे, हे मलाही छळत होतं. मजल्याचं एक समजलं, पण वर्ष? ऋतू? ज्या माणसाला १९८५ साली कोणती गाय कोणत्या वारी व्याली हे आठवतं, त्याला ऋतू सांगता येऊ नये? मी परत डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "सुरुवातीला छान बोलत होते. मी फॉर्म काढला आणि विचारलं, आपण कोणत्या देशात आहोत? त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटचं वाक्यसुद्धा कोरं सोडलं. आणि मधूनच तुमची ती लदीन भाषा, मधूनच जर्मन. मी 'भाषेचा गोंधळ' असं लिहिलंय."

मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे सगळेच असे बोलतात." तो म्हणाला, "मग सगळ्यांनाच तपासायला हवं." माणूस वाईट नाही तो.

गेल्या मंगळवारी बाबा पडवीत दंताळ्याचे तुटलेले दात बसवत होते. अ‍ॅश झाडाच्या लाकडाचे तेच, स्वतः तासलेले. मी समोर बटाटे सोलायला बसले आणि विषय काढला. त्यांनी हातातला दात ठोकून बसवला. मग म्हणाले, "फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं."

"का?"

"एकदा दिलं होतं आपल्या घराने."

तुला पीरेकाकाचं माहीत आहे, तो गेला आणि रशियात मेला, इतकं. मलाही तेवढंच माहीत होतं. बाबांनी त्या दिवशी सगळं सांगितलं, चारही दात बसवून होईपर्यंत. एकोणचाळीस साली दोन माणसं आली, या आपल्याच स्वयंपाकघरात बसली, टेबलावर फॉर्म पसरला आणि आजोबांना विचारलं, तुम्ही कुठले? तिकडे जर्मनीत जाणार की इथे इटलीत राहणार? बाबा नऊ वर्षांचे होते, चुलीमागच्या बाकावर बसलेले. आजोबा म्हणाले, जाणार. सोरालच्या सहा घरांपैकी तिघांनी जाणार म्हटलं, तिघांनी राहणार. त्या दिवसापासून राहणारे सकाळी हौदावर पाणी भरायला यायचे आणि जाणारे संध्याकाळी, म्हणजे तोंडाला तोंड नको. पीरेकाका पहिला गेला, बाकीच्यांनी मागून जायचं ठरलं होतं. ट्रंका बांधलेल्या होत्या. मग लढाई वाढली, ट्रंका तशाच माळ्यावर राहिल्या, आणि काका तेवढा जर्मन फौजेतून रशियात गेला तो गेलाच.

"एका शब्दाने झालं ते," बाबा म्हणाले. "आजोबांना काय विचारलं होतं? आपण कोणत्या देशात आहोत, एवढंच की."

एक्याऐंशी साली घरोघर भाषेचा फॉर्म आला, तुम्ही लदीन की जर्मन की इटालियन, तेव्हा बाबांनी तो गोठ्यात जाऊन भरला आणि पाकीट स्वतः जिभेने चिकटवलं. आईलासुद्धा दाखवलं नव्हतं. आई मरेपर्यंत त्यांना चिडवायची, "मी कुणाशी लग्न केलंय ते सरकारला माहीत आहे, मला नाही."

तर असं आहे. त्या पोराने फॉर्म काढून देश विचारला आणि बाबा चुलीमागच्या बाकावर जाऊन बसले.

आणि एक. तुला ब्रेनर खिंडीपलीकडच्या देशाचं नागरिकत्व मिळालं तेव्हा बाबा जे म्हणाले, 'जा, तुझा कागद जिथला तिथेच राहा', त्याचा अर्थ मला एकोणीस वर्षांनी लागला. तुला लागला असेल तर लागो. मी कुणाची वकिली करत नाहीये.

सत्तावीस मेला न्यायाधीश स्वतः घरी येणार आहेत, बाबांशी बोलायला. दुभाष्यासकट. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मीच तो दाखला मागायला गेले नसते तर हे काही झालंच नसतं.

ओ.


सोराल, २९ मे

इयाको,

काल लिहायला बसता आलं नाही. आज तूप कढवायला ठेवलंय आणि चुलीशेजारी बसून लिहितेय. आधी निकाल सांगते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. सांभाळकर्ता नेमणार नाहीत. न्यायाधीशबाईंनी निघताना मला दारातच सांगितलं, "कागद नंतर येईल, पण तुम्ही आज नीट झोपा." माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि परत येताना हौदाशी बसून मनसोक्त रडले. शेजारची रोझीना खिडकीतून म्हणाली, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कुणी नाही गेलं, म्हणूनच." तिने खिडकी लावून घेतली.

आता सगळं.

बाई पन्नाशीच्या, पायात डोंगरात चालायचे बूट. दुभाषी म्हणून एक मुलगी आणली होती, खिंडीपलीकडच्या दरीतली. ती लदीन बोलायला लागली आणि बाबांनी कान पुढे केला. दोन वाक्यं ऐकून घेतली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगल्या घरची दिसते. काय म्हणतेय?" ती लाल झाली. बाबांनी तिला धीर दिला, "तू बोल बाळ, मी समजून घेतो. तुमच्याकडे असंच बोलतात, तुझा दोष नाही." मी पालक भरून तुर्त्रेस तळले होते, ते तिच्यापुढे ठेवले.

इथवर ठीक होतं. मग बाईंनी टेबलावर फाइल उघडली, पेन काढलं. त्याच टेबलावर. आणि इयाको, मी बाबांचा चेहरा बंद होताना पाहिला. बाईंनी विचारलं, जन्म कुठला? बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आज कोणता वार? काही नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. आणखी दोन प्रश्न असेच गेले असते तर सगळं संपलं होतं.

मी म्हटलं, "बाई, ती फाइल तेवढी गाडीत ठेवाल का?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "याच टेबलावर एकदा फॉर्म भरला होता. तेव्हापासून हे कागदापुढे बोलत नाहीत."

बाईंनी कारण विचारलं नाही. इथल्याच असणार, त्यांच्याही घरी माळ्यावर ट्रंक असेल. उठल्या, फाइल त्या मुलीच्या हातात दिली, तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः येऊन बाबांशेजारी बसल्या, समोर नाही. मग तिघांनाही पुरेल अशा जर्मनमधून म्हणाल्या, "ताव्हेलाआजोबा, तुमच्या हौदाचं पाणी कुठे जातं?"

बाबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "पाणी? खाली गादेरात. गादेरातून रिएन्झमध्ये, तिथून आयझाक, मग आदिजे, मग समुद्र. वाटेत त्याची चार नावं होतात आणि तीन भाषा. पाण्याला कुणी विचारत नाही."

"आणि वार कोणता आज?"

"सोमवार. सोमवारशिवाय सरकारी माणूस कशाला वर येईल, मंगळवारी त्यांना खाली बाजार असतो."

शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर इटालियनमधून धडाधड खाली आले, दोनपर्यंत. म्हणाले, "मास्तरने छडीने शिकवलंय, ते कसं विसरणार? प्रार्थना जर्मनमधून, हिशोब इटालियनमधून, आणि गाईशी बोलायचं तर आपल्यातून. गाईला बाकीचं येत नाही." बाई हसल्या. मी चुलीशी उभी होते, हातातला झारा गार पडलेला.

मग त्यांनी विचारलं, "मुलगा आहे ना तुम्हाला? त्याची खबर शेवटची कधी आली?"

मला वाटलं, झालं. आता म्हणतील, एकोणीस वर्षं झाली. कारण इयाको, मी त्यांना तुझं एकही कार्ड दाखवलेलं नाही. तू दरवर्षी लिहितोस, 'बाबांना विचारलंय म्हणून सांग.' मी एकदाही सांगितलं नाही. कार्ड आलं की वाळवलेल्या नासपतींच्या डब्याखाली ठेवून द्यायची. का, ते तुला कळलं असेल, तरी लिहिते. तू घरातला थोरला. तुम्ही दोघं एकदा बोललात की घर तुझ्या नावावर जाईल आणि मी दंताळं हातात घेऊन उभी राहीन, ही भीती. बस्स.

बाबा म्हणाले, "या नाताळात. बर्फातल्या ट्रामचं चित्र होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, जिना चढतो, असं लिहिलंय. आणि मला विचारलंय."

मी झारा खाली ठेवला.

बाईंनी विचारलं, "आणि त्याआधी?" बाबा एकेक करून मागे जायला लागले. मुलीचं लग्न. शाळेतला संप. नवं घर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चित्रं पण सांगितली, दोन मनोऱ्यांचं चर्च, सोनेरी छत, बर्फावरून घसरणारी म्हातारी. दर जानेवारीत मी चर्चला गेले की ते डबा उचलून वाचत होते आणि जसंच्या तसं परत ठेवत होते. एकोणीस वर्षं मी त्यांच्यापासून लपवतेय आणि ते माझ्यापासून.

मग म्हणाले, "अकरा साली आलं नाही. तेवढं एक चुकलं त्याचं."

तुझं नाही चुकलं. अकरा साली तू लिहिलं होतंस, 'ईस्टरला यावं म्हणतो. बाबांना विचारून कळव.' ते डब्याखाली गेलं नाही, चुलीत गेलं. मी ईस्टरच्या कार्डावर तुला लिहिलं, इकडे सगळं ठीक. तू त्यातून जे समजायचं ते समजलास आणि परत कधी विचारलं नाहीस.

आठ वर्षं मी हे पोटात ठेवलं. परवा बाई गेल्यावर बाबांना सांगितलं, गोठ्यात, त्यांच्याकडे पाठ करून. दूध काढून झालं, त्यांनी बादली उचलली, दारात थांबून म्हणाले, "तरी म्हटलं, पोरगा एक वर्ष कसा चुकेल."

एवढंच. मला वाटलं होतं घर अंगावर कोसळेल. कोसळलं नाही. मला इतकं हलकं वाटतंय की लाज वाटते. आता तू काय म्हणशील ते म्हण. न म्हणालास तरी समजेन.

ओतिलिया

तूप करपलं.


सोराल, ८ जुलै

इयाको, माझ्या शहाण्या भावा,

तुझं पत्र आलं. पत्र, कार्ड नाही, चार पानं, दोन्ही बाजूंनी. इतकी वर्षं वाचवलेली शाई एकदम संपवलीस. मी ते हौदाशी बसून वाचलं आणि 'ते कार्ड चुलीत गेलं ते बरंच झालं, त्यात माझं अक्षर फार वाईट होतं' या वाक्याशी आले तेव्हा इतक्या जोरात हसले की रोझीनाची खिडकी पुन्हा उघडली. नंतरच्या पानावर तू रागावला आहेस, तेही वाचलं. ते बरोबर आहे. राग आल्याशिवाय माणूस चार पानं लिहीत नाही.

नोटरीकडचं काम गेल्या शुक्रवारी झालं. घर माझ्या नावावर. सही करताना बाबांनी पेन थांबवलं आणि म्हणाले, एक अट घाला. स्वयंपाकघरावरची खोली इयाकोची, तो जिवंत असेपर्यंत, त्याने कोणत्याही देशाचा कागद बाळगला तरी. नोटरी म्हणाला, शेवटचं वाक्य कायद्यात बसत नाही. बाबा म्हणाले, "मग बसवा. तुम्ही शिकलेले आहात." त्याने काहीतरी बसवलं.

खोलीतले जनावरांचे जुने साज मी काढलेत. खिडकीची एक काच फुटली आहे, ती बसवून घेते.

आता खरी गोष्ट. दवाखान्याने बाबांची फाइल परत पाठवली, त्यात तो तीस मार्कांचा पेपर होता. लाल शाईत नऊ. मी तो चुलीत टाकायला निघाले होते, सवयच आहे मला. बाबा म्हणाले, "आण इकडे." चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. वर्षावर थांबले, ऋतूवर थांबले, देशावर जरा जास्त थांबले आणि पुढे गेले. सगळ्यात खाली, जिथे 'एक वाक्य लिहा' असं छापलंय आणि पुढे कोरी रेघ आहे, तिथे बोट टेकवून म्हणाले, "हे राहिलंय. पेन दे."

त्यांना आपली भाषा लिहायला कुणी शिकवली नाही, तुला माहीत आहे. शाळा इटालियन, चर्चचं पुस्तक जर्मन. आपलं फक्त बोलायचं. जन्मात मी त्यांना लदीनमध्ये एक अक्षर लिहिताना पाहिलं नव्हतं, सामानाची यादीसुद्धा नाही. अर्धा तास लागला. जीभ ओठाबाहेर काढून लिहीत होते, मध्ये दोनदा मला विचारलं, हा आवाज कसा काढतात कागदावर. मी म्हटलं, माहीत नाही, तुम्ही काढा.

तो कागद सोबत जोडला आहे. फाडून फक्त ती रेघ पाठवणार होते, पण बाबा म्हणाले, सगळाच पाठव, त्याला तपासायची सवय आहे.

वाचता येईल तुला. 'इयाको, वरच्या कुरणाचं गवत कापणीला आलं, ये.'

मी म्हटलं, "बाबा, खाली आणखी काही लिहायचं? एकोणीस वर्षं झाली."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एकच वाक्य मागितलंय ना त्यांनी? दिलं."

तुझं दंताळं दारामागे आहे. त्याचेही दात बसवून झालेत.

तुझी तिलिया